इमानी टायटसची बहीण

लॉर्टन गावातल्या गोऱ्या लोकांनी झिल्फाला कधी आडनावाने हाक मारली नाही. काळी बाई म्हातारी झाली की मावशी आणि काळा बाप्या म्हातारा झाला की काका, ही जॉर्जियातली रीतच होती. एवढं नातं लावलं की मान दिल्यासारखं होतं आणि द्यावाही लागत नाही. हारग्रोव्हांच्या घरात तर तिला झिल्फामावशी म्हणणारी तिसरी पिढी वाढत होती. त्या घराची गुलाम म्हणून ती जन्मली. उत्तर-दक्षिणेचं युद्ध झालं, गुलामी गेली, तरी ती त्याच चुलीपुढे उभी होती. फरक एवढाच की आता रात्रीची भांडी झाली की तिला स्वतःच्या खोपटात जाता यायचं, आणि जाताना ताटातलं उरलंसुरलं फडक्यात बांधून नेता यायचं.

तिचा भाऊ टायटस तिच्याहून बराच मोठा. युद्धाला तोंड लागलं तेव्हा मालकाचा मुलगा वायट कॅप्टन होऊन निघाला आणि बूट पुसायला, घोडा सांभाळायला म्हणून त्याने टायटसला बरोबर घेतलं. जाशील का, असं टायटसला कोणी विचारलं नाही. खुंटीवरचं खोगीर काढावं तसा तो नेला गेला. पुढे टेनेसीत नदीकाठी तळ पडला असताना, एका धुक्याच्या सकाळी टायटस कॅप्टनच्याच घोड्यावर बसला आणि नदी ओलांडून उत्तरेच्या फौजेला जाऊन मिळाला. त्यांनी त्याला निळा कोट दिला, बंदूक दिली. उरलेलं युद्ध तो आपल्या मालकाच्या विरुद्ध लढला.

युद्ध संपल्यावर तो त्याच निळ्या कोटात घरी आला. कोटाला पितळी बटणं होती आणि प्रत्येक बटणावर पंख पसरलेला गरुड. चुलीतल्या राखेने ती बटणं घासून लख्ख करायचं काम झिल्फाचं. तेव्हा ती लहान पोर होती. घासताना गरुडाचं पिसन् पिस बोटाला लागायचं.

टायटसने जमीन खंडाने घेतली. काळ्यांना मतदानाचा हक्क आला तसं त्याने वस्तीतल्या बाप्यांना गोळा केलं, मत कसं टाकायचं ते शिकवलं आणि रांगेने कचेरीपर्यंत नेलं. त्यानंतर पहिल्याच सुगीत, एका संध्याकाळी, तोंडाला पिठाची पोती बांधलेली माणसं घोड्यांवरून आली. टायटस जेवत होता. त्याला ताटावरून उठवून नेलं. आई घोड्यांमागे ओढ्यापर्यंत धावली, तिथे एकाने तिला चाबकाने परत फिरवलं. त्या माणसांतला एकजण लंगडत होता हे झिल्फाने पाहिलं. पण युद्धावरून परतलेले निम्मे गोरे लंगडतच होते, आणि वायट हारग्रोव्ह त्यांतलाच एक.

टायटसचं प्रेत मिळालं नाही. आई थंडी पडेपर्यंत दलदली तुडवत राहिली, काठीने पाणी ढवळत राहिली, आणि वसंत यायच्या आत गेली. पोरक्या झिल्फाला पोटासाठी जायला एकच दार माहीत होतं. ती हारग्रोव्हांच्या मागच्या दारी जाऊन उभी राहिली.

पुढे तिने लग्न केलं, नवरा गेला, एकुलती एक लेक बाळंतपणात गेली. लेकीची लेक ओडेसा तिने वाढवली. पोर हुशार निघाली, शिकली आणि काळ्यांच्या शाळेत मास्तरीण झाली. झिल्फाने तिला निळ्या कोटाची गोष्ट पाळण्यापासून सांगितली होती. दार लावून, हळू आवाजात, पण सगळी. ओडेसाला आपल्या या मामाआजोबांचा असा अभिमान होता की कोणी जरा दुखावलं तर ती ताठ मानेने बघायची. झिल्फाला त्या मानेची भीतीच वाटायची.

इकडे हारग्रोव्हांच्या जेवणाच्या टेबलावर वेगळाच टायटस वाढत होता. वायट हारग्रोव्ह लढाईत कॅप्टन होता, शांततेच्या काळात लोकांच्या तोंडी बढती मिळत मिळत तो कर्नल झाला. सुरुवातीला बरीच वर्षं तो टायटसचं नाव काढत नसे. मग दरसाल जुन्या सैनिकांचे मेळावे भरू लागले, भाषणं होऊ लागली. युद्ध गुलामांपायी झालंच नव्हतं, ते घरादाराच्या अब्रूसाठी झालं, गुलाम तर बिचारे सुखात होते, असं पाद्री सांगू लागले, पुस्तकं सांगू लागली. तेव्हा प्रत्येक घराण्याला एखादा इमानी गुलाम लागू लागला. एका वर्षी कर्नल मेळाव्यात म्हणाला की टायटस माझी फार सेवा करायचा. पुढल्या वर्षी टायटसने त्याला गोळ्यांच्या वर्षावातून पाठीवर वाहून आणलं. नंतर त्याने स्वतः उपाशी राहून धन्याला भरवलं, आणि शेवटी युद्ध हरल्याच्या दुःखाने झुरून झुरून धन्याच्या उंबऱ्यावर प्राण सोडला. झिल्फा वाढायला उभी असायची. रस्सा वाढताना ती हे सगळं ऐकायची. पाहुण्या बायका डोळे टिपायच्या आणि तिच्याकडे वळून म्हणायच्या, "मावशी, कसला भाऊ होता तुझा!" ती म्हणायची, "होय बाईसाहेब." तेवढं तरी खरं होतं.

शेजारच्या तालुक्यात इमानी गुलामाचा पुतळा उभा राहिला आणि लॉर्टनच्या बायकांच्या पोटात दुखू लागलं. कर्नलची सून लॅव्हिनिया गावातल्या स्मृतिमंडळाची अध्यक्ष. तिने ठराव केला की लॉर्टनमध्येही कचेरीसमोर पुतळा हवा, टायटसचा, गुडघे टेकून धन्याला पाणी पाजणारा. एका दुपारी मंडळाच्या बायका दिवाणखान्यात जमल्या होत्या आणि झिल्फा कॉफी ओतत होती. एक बाई म्हणाली की पुतळ्याखाली खुद्द टायटसचीच हाडं ठेवता आली तर आसपासच्या दहा गावांत असं स्मारक नसेल. पण त्याला पुरलंय कुठे, हे कोणाला ठाऊक असणार?

कर्नल खिडकीशी आरामखुर्चीत होता. त्याने मागे वळूनही पाहिलं नाही.

"कापसाच्या जुन्या जिनिंगच्या मागे," तो म्हणाला, "ओढा वळतो तिथे. तुटक्या ओकच्या बुंध्यापासून पाण्याच्या बाजूला. मी स्वतः पुरलाय त्याला."

बायकांनी सुस्कारे टाकले. कोणी म्हणालं, धनी असावा तर असा, गुलामाला स्वतःच्या हाताने माती दिली. झिल्फाने उरलेले कप भरले, साखर फिरवली आणि ती स्वयंपाकघरात आली. आई त्या ओढ्याच्या वळणावरून रोज गेली होती. काठीने पाणी ढवळत, त्याच तुटक्या ओकपाशी बसून तिने पायातले काटे काढले होते.

उकरायचं काम जेथ्रोला मिळालं. जेथ्रो वस्तीतला सुतार. गोऱ्यांच्या शवपेट्या तोच करायचा आणि काळ्यांच्या थडग्यांचे खड्डेही तोच खणायचा. टायटसने मत टाकायला नेलेल्या रांगेत त्याचा बाप होता. दुसऱ्या दिवशी तो मागच्या दाराशी आला, टोपी हातात धरून, आणि काय निघालं ते त्याने झिल्फाला हलक्या आवाजात सांगितलं. कर्नलने काठीने दाखवलं तिथेच, कमरेएवढ्या खोलीवर, हाडं होती. पालथा टाकला होता. मनगटांची हाडं पाठीमागे एकत्र होती. कवटीला मागून भोक होतं. आणि बरगड्यांत हिरवी पडलेली बटणं, गरुडाची.

"बाईसाहेबांनी पाहिलं?" झिल्फाने विचारलं.

"नाकाला रुमाल लावून पाहिलं. कवटीचं भोक दाखवलं तर म्हणाल्या, दगड लागला असेल. बटणं पाहिली आणि त्यांचे डोळेच भरून आले. म्हणाल्या, बघा, बाबांनी अंगावरचा कोट काढून त्याला पांघरला होता."

"आणि तो?"

"कर्नल? बटणं हातात घेऊन उभा राहिला जरा वेळ. मग म्हणाला, हो, पांघरला होता."

 हाडं सध्या जेथ्रोच्या कारखान्यात होती, कारण पेटी त्यालाच करायची होती. ओकची, पितळी कड्यांची. ती पुतळ्याच्या चौथऱ्यात बसवायची आणि वरून दगड. जेथ्रो जायला निघाला, तेव्हा तिने त्याची बाही धरली.

"जेथ्रो, माझ्या भावाला त्यांच्या पायाखाली ठेवू नकोस."

त्याने बराच वेळ टोपीची कड चाचपली. मग म्हणाला, "पेटी रिकामी वाजेल, ताई. वजनाला काहीतरी लागेल."

कर्नलचा एक शिकारी कुत्रा होता, ब्यूगल नावाचा. तो मेला तेव्हा घरात दोन दिवस कोणी हसलं नव्हतं. तबेल्यामागे त्याचा खड्डा जेथ्रोनेच खणला होता. तीच हाडं त्याने उकरली, भुशात गुंडाळली आणि पेटीत भरून झाकण ठोकून टाकलं. "इमानी पाहिजे म्हणाले," तो झिल्फाला म्हणाला, "इमानीच ठेवलाय." पण हे सांगताना त्याच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. त्याने तिला बायबलवर हात ठेवायला लावला. "आपल्या दोघांच्या पलीकडे हे गेलं, तर मला त्याच पुतळ्यासमोर जाळतील आणि माझ्या कोळशाचे फोटो काढून विकतील. रक्ताच्या माणसालाही सांगायचं नाही. ओडेसाला तर नाहीच, तिच्या पोटात राहणार नाही." झिल्फाने हात ठेवला.

सोमवार हा धुण्याचा दिवस. गावभर काळ्या बाया डोक्यावर टोपल्या घेऊन फिरत असतात, त्यांच्याकडे कोणी बघत नाही. झिल्फाने हारग्रोव्हांच्या चादरी टोपलीत घातल्या, जेथ्रोच्या कारखान्यात गेली आणि खाली भाऊ, वर चादरी अशी टोपली डोक्यावर घेऊन निघाली. माणूस एवढा हलका होतो, याचंच तिला वाटेत नवल वाटत राहिलं. वळणावर कर्नल काठी टेकत उभा होता.

"काय झिल्फा, आज लांबच्या वाटेने?"

"विहिरीला पाणी कमी आहे, कर्नलसाहेब. चर्चकडच्या झऱ्यावर जाते."

"टोपलीत काय?" हा त्याचा नेहमीचाच प्रश्न. म्हाताऱ्याला बोलायला कोणीतरी हवं असायचं.

"घरचंच आहे," ती म्हणाली.

त्याने मान डोलावली, हवा बरी आहे म्हणाला आणि तिला वाट दिली.

काळ्यांच्या चर्चमागच्या दफनभूमीत जेथ्रोने कडेला खड्डा करून ठेवला होता. जेथ्रो तिथे खणताना दिसला की कोण गेलं एवढंच लोक विचारायचे, आणि त्या दिवशी विचारायलाही कोणी नव्हतं. झिल्फाने आपल्या लग्नातली गोधडी आणली होती. तिने हाडं एक एक करून गोधडीत मांडली, मनगटं पुढे आणून छातीवर ठेवली. जेथ्रोने एक बटण लपवून राखलं होतं, ते तिच्या हातात दिलं. बाकीची लॅव्हिनियाबाईंनी काचेच्या पेटीत ठेवायला नेली होती. झिल्फाने झऱ्याकाठची वाळू घेऊन ते एक घासलं आणि गोधडीत टाकलं. माती लोटून झाली, तसा जेथ्रोने वर पालापाचोळा पसरला. खूण ठेवायची नव्हती.

तेवढ्यावर सुटका नव्हती. पुतळ्यावरच्या पडद्याची दोरी झिल्फाने ओढायची आणि दोन शब्द बोलायचे असं मंडळाने ठरवलं होतं. शब्द लॅव्हिनियाबाईंनी लिहिले होते आणि रोज दुपारी त्या ते तिच्याकडून घोकून घेत. झिल्फा एकही शब्द चुकली नाही. ती अडखळली, रडली, नाही म्हणाली, तर कोणाला तरी शंका येईल, कोणीतरी पेटी उघडा म्हणेल. जेथ्रोचा जीव आता तिच्या जिभेवर होता.

ओडेसाला गावातून कळलं. ती शाळेतून तडक आजीकडे आली, हातावरचा खडूही तिने झटकला नव्हता.

"आजी, तू त्या दोरीला हात लावणार नाहीस."

"लावणार आहे."

"निळ्या कोटाचं तूच सांगितलंस ना मला? ते खोटं होतं का?"

"खोटं नव्हतं."

"मग? म्हातारपणी कामावरून काढतील म्हणून घाबरलीस? मी आहे ना. चल माझ्याकडे, आजच चल. चटणी-मीठ खाऊ, पण त्यांच्यासमोर हे बोलू नकोस. तुझ्या पाया पडते मी."

ती खरंच वाकली. झिल्फाने तिला खांद्याला धरून उठवलं. सांगून टाकावं असं ओठांशी आलं होतं. तिने पोरीच्या ताठ मानेकडे पाहिलं. सत्य कळलं तर ही उद्या शाळेत, परवा चर्चमध्ये त्याच तोऱ्याने चालेल, आणि तो तोरा बघून कोणीतरी विचारेल की हिला एवढं काय सापडलंय. "कणसं सोलायचीत," झिल्फा म्हणाली. "थांबणार असशील तर हात लाव." ओडेसा थांबली नाही.

समारंभाला कापसाच्या गाठींवर चढूनसुद्धा माणसं उभी होती. पुढे गोरे, मग दोरी, दोरीमागे काळे. काळ्यांनीही यावं असं मालकांनी घरोघर सांगितलं होतं आणि तसं सांगितल्यावर न येणं कोणाला परवडत नव्हतं. पेटी चौथऱ्यात उतरली, लॅव्हिनियाबाईंनी वर लिलीची फुलं ठेवली. झिल्फाने पडद्याची दोरी ओढली. दगडाचा टायटस गुडघे टेकून बसला होता, त्याचा चेहरा कोणाचाच नव्हता. मग ती बोलली. मालक आम्हाला बापासारखे होते, माझ्या भावाला पळून जायला हजार वाटा होत्या, पण त्याने धन्याची सावली सोडली नाही. आवाज खणखणीत होता, दोरीमागे शेवटच्या माणसापर्यंत गेला. तिथे ओडेसा होती.

कर्नल काठी टाकून पुढे आला आणि सगळ्यांदेखत त्याने तिचे हात धरले. तो रडत होता. "ते दिवस आठवणारे आता आपण दोघंच उरलो, झिल्फा," तो म्हणाला. तिने त्याच्या डोळ्यांत नीट पाहिलं. टायटसचे हात पाठीमागे बांधणारा माणूस तिला तिथे शोधायचा होता. तो कुठेच नव्हता. जिवलग गेल्याचं दुःख करणारा एक म्हातारा तेवढा होता. आपण काय पुरलं होतं ते तो स्वतःच विसरला होता. जागा तेवढी लक्षात राहिली होती. झिल्फाला त्या क्षणी त्याचा जेवढा राग आला तेवढा आयुष्यात आला नव्हता, आणि तिचे दोन्ही हात त्याच्या हातांत होते.

परतताना दोरीजवळ कोणीतरी थुंकलं. थुंकी तिच्या झग्यावर पडली. तिने वर पाहिलं नाही, कारण थुंकणाऱ्याचं तोंड लक्षात ठेवायची तिची इच्छा नव्हती. रविवारी चर्चमध्ये ती बसली तो बाक हळूहळू रिकामा झाला. दळणकांडण, बाळंतपणं, मयतं, सगळीकडून तिला बोलावणं बंद झालं. जेथ्रोसुद्धा तिच्याशी चारचौघांत बोलत नसे. बोलला असता तर लोकांना नवल वाटलं असतं.

ओडेसा शिकागोला निघाली, तेव्हा निरोप घ्यायला म्हणून नाही, तर आपल्या आईची शाल न्यायला आली. झिल्फाने मक्याचा पाव भाजून फडक्यात बांधून ठेवला होता.

"त्यांनी मामाआजोबांना एकदा मारलं," ओडेसा दारातून म्हणाली. "तू दुसऱ्यांदा मारलंस, आणि तेही दिवसाढवळ्या, तोंड न झाकता."

झिल्फाने फडकं पुढे केलं. ओडेसाने ते टेबलावर ठेवलं आणि ती गेली. तो पाव झिल्फाने कोंबड्यांना घातला.

त्यानंतर दर वर्षी त्या दिवशी झिल्फाला पुतळ्याशेजारी खुर्ची मिळायची. गोऱ्या शाळेतली मुलं फुलं आणायची, तिच्या तोंडून तेच शब्द ऐकायची, आणि त्यांच्या बाई सांगायच्या की बघा, हिला विचारा, गुलामी किती मायेची होती. एका वर्षी लॅव्हिनियाबाई ब्यूगलच्या हाडांवर गुडघे टेकून प्रार्थना करत असताना झिल्फाला हसू फुटलं. तिने तोंडावर रुमाल दाबला, खांदे गदगदा हलले. वर्तमानपत्रात आलं की वृद्ध भगिनीला हुंदका आवरला नाही. कर्नल गेला, तेव्हा त्याच्या इच्छेप्रमाणे त्याला पुतळ्याच्या पायथ्याशी पुरलं.

उरल्या दिवसांत झिल्फा संध्याकाळी चर्चमागे जाऊन कडेच्या एका जागेवरचं तण उपटत बसायची. म्हातारी आपली जागा धरून ठेवतेय, असं लोक म्हणायचे. ओडेसाला तिने पाद्र्याकडून दोन-तीनदा खुशालीचे चार शब्द लिहवून पाठवले. उत्तर आलं नाही.

ती गेली त्या वर्षी फेब्रुवारीत जमीन दगडासारखी गोठली होती. पाद्र्याने तार केली आणि ओडेसा आली. काळी हॅट, शहरी कोट, बरोबर कोणी नाही. माणसं मोजकीच होती, पण लॅव्हिनियाबाई आपल्या मोटारीतून आल्या. त्यांनी फुलांचं मोठं चक्र आणलं होतं आणि रेशमी फितीवर लिहिलं होतं, इमानी टायटसची बहीण. झिल्फामावशीसारखी माणसं आता देव घडवत नाही, असं त्या पाद्र्याच्या आधी बोलल्या. ओडेसा खाली बघत ऐकत होती.

जेथ्रोने खड्डा अगदी कडेला, त्या बिनखुणेच्या जागेला चिकटून घेतला होता. दफनभूमीत दुसरीकडे मोकळी जागा होती, म्हणून ओडेसाला ते विचित्र वाटलं. ती त्याच्याजवळ गेली.

"इतकं कोपऱ्यात का? इथे शेजारी कोणी आहे का? माती बसल्यासारखी दिसते."

जेथ्रोने फावडं खाली ठेवलं. लॅव्हिनियाबाई दोन पावलांवर चक्राची फीत सरळ करत होत्या आणि त्यांचा ड्रायव्हर फाटकाशी उभा होता.

"कोणी नाही, बाई," तो म्हणाला. "जुन्या झाडाचं खोड काढलं होतं."

ओडेसाने मान हलवली. माती टाकायला सगळे पुढे झाले, ती झाली नाही. दुपारच्या गाडीने ती परत गेली. जेथ्रोला लिहिता येत नव्हतं, आणि दुसऱ्याकडून लिहवणं म्हणजे स्वतःच्या गळ्यात दोर घालणं होतं. लॅव्हिनियाबाई वारल्यावर, स्वतःच्या मरणाच्या अंथरुणावर, त्याने ते बायकोला सांगितलं, आणि तिच्याकडून ते वस्तीत दारं लावून फिरलं. तोवर ओडेसाचा शिकागोतला पत्ता कोणाकडे उरला नव्हता.